उस्तादाला शिकवणार कोण?

वाचकाचं पत्र (थोडं छाटून):

"मी भिवंडीतल्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. वय ३१. आमच्याकडे तीन फोर्कलिफ्ट (पुढच्या लोखंडी काट्यांनी माल उचलणाऱ्या गाड्या) आहेत, दोन डिझेलवरच्या, एक बॅटरीवरची. ऑपरेटर पाच. त्यातल्या सगळ्यात जुन्यांना सगळे उस्ताद म्हणतात. माझ्या वडिलांच्या वयाचे, फोर्कलिफ्टवर सोळा वर्षं काढलीत. हात असा की डोळे मिटून पॅलेट (माल रचायची फळ्यांची चौकट) लावतील. पण सीटचा पट्टा लावत नाहीत, माल वर उचललेला ठेवूनच वळतात, हॉर्नला हात लावत नाहीत. बाकीचे त्यांचंच बघून करतात. गेल्या महिन्यात वळताना गाडीचं मागचं चाक एका हेल्परच्या पायाला घासून गेलं. बूट होता म्हणून निभावलं. शेठ म्हणाले, 'ट्रेनिंग करून टाक.' एक जण एका दिवसात सर्टिफिकेट देतो, नुसती नावं आणि फोटो पाठवले तरी चालतं म्हणे. उस्ताद म्हणतात, 'ज्यानं कधी पॅलेट उचललं नाही तो मला काय शिकवणार?' त्यात एक बावीस वर्षांचा हेल्पर 'मला पण शिकवा' म्हणून मागे लागलाय. जेवणाच्या सुट्टीत तो हळूच चालवून बघतो, हे मला माहीत आहे. काय करू?
— सु. प., भिवंडी"

सु. प.,

पट्टा आणि हॉर्नकडे नंतर येतो. तुमच्या पत्रात एक प्रश्न कुणी विचारलेलाच दिसत नाही: तो हेल्पर तिथं उभा का होता?

माझा अंदाज सांगतो. तिथं एक टेबल असेल, टेबलावर आवक-जावकीचं रजिस्टर असेल, नाहीतर पिण्याच्या पाण्याचा जार असेल. मी पाहिलेल्या बहुतेक गोदामांत ही दोन्ही ठिकाणं बरोबर गाडी वळते त्याच कोपऱ्यावर असतात, कारण सगळ्यांना तिथंच सोयीचं पडतं. टेबल आठ फूट सरकवलं असतं तर त्या दिवशी बुटाची परीक्षा झाली नसती. म्हणून ऑपरेटरला काही शिकवायच्या आधी पिवळ्या रंगाचा डबा आणा, चालणाऱ्यांची वाट वेगळी आखा, टेबल हलवा. माणूस जिथं यायलाच नको तिथं तो येत राहिला, तर कितीही शिकलेला ऑपरेटर एखाद्या दिवशी चुकणारच.

आता त्या मागच्या चाकाबद्दल. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, हे तुमच्या पाचही जणांना माहीत आहे. हेल्परला माहीत नसतं. तो टेम्पो बघत मोठा झाला; पुढचं तोंड वळलं की मागचं धूड त्याच्या मागोमाग येतं, असं त्याच्या डोळ्यांत बसलेलं असतं. फोर्कलिफ्ट डावीकडे वळली की तिची शेपटी उजवीकडे झाडू मारल्यासारखी फिरते. बाजूला उभा असलेला माणूस काट्यांकडे बघत असतो आणि मार मागून बसतो.

हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही, दाखवावं लागतं. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, झाकणाला खिळ्यानं भोक पाडा, हवा आत जायला तळालाही एक भोक पाडा आणि गाडीच्या मागच्या कोपऱ्याला, मागच्या वजनाच्या ठोकळ्याजवळ, उलटी बांधा. कोरड्या फरशीवर ऑपरेटरला सावकाश काटकोनात वळायला सांगा. पाण्याची धार फरशीवर रेघ काढत जाईल. मग पुढचं चाक कुठून गेलं ते खडूनं आखा. दोन रेघांमधली जागा बघून हेल्पर लोक आपोआप दोन पावलं मागं सरकतात, हे मी कित्येकदा पाहिलंय. त्या जागेत एक रिकामं खोकं ठेवा आणि पुन्हा वळायला सांगा. खोक्याचं जे होईल त्यावर भाषणाची गरज नाही.

आता सर्टिफिकेट. नावं आणि फोटो पाठवून मिळणाऱ्या कागदाला ट्रेनिंग म्हणू नका, आणि शेठलाही म्हणू देऊ नका. उद्या खरंच काही घडलं तर तोच कागद पहिल्यांदा उलटेल, कारण ज्या दिवशी ट्रेनिंग झालं असं त्यावर लिहिलंय त्या दिवशी तुमचे पाचही जण कामावर असल्याची हजेरी तुमच्याच मस्टरवर सापडेल. आणखी एक गैरसमज आपल्याकडे सर्रास आहे: "त्याच्याकडे हेवी लायसन आहे, मग काय प्रश्न आहे?" १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आतच चालवायच्या खास गाड्या 'मोटार वाहन' या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. आरटीओच्या परीक्षेत काटे, मास्ट (काटे ज्यावर वर-खाली होतात तो उभा सांगाडा), उचललेला माल यातलं काहीच येत नाही. ट्रकचं लायसन असणं चांगलंच, पण त्यानं फोर्कलिफ्ट येते असं सिद्ध होत नाही. (तुमची गाडी एका गाळ्यातून समोरच्या गाळ्यात जाताना सार्वजनिक रस्ता ओलांडत असेल तर मात्र ते प्रकरण वेगळं. त्याची चौकशी आधी करा.)

मग खरं ट्रेनिंग कसं असतं? अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा नियमांतली एक गोष्ट मला सरळ आणि व्यवहारी वाटते. त्यांनी तीन तुकडे पाडलेत: आधी बसून समजावणं, मग प्रत्यक्ष गाडीवर सराव, आणि शेवटी ज्या जागी तो माणूस काम करणार त्याच जागी, त्याच मालावर त्याची परीक्षा. दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. अपघात झाला, होता होता वाचला, गाडीचा प्रकार बदलला, जागा बदलली, तर तीन वर्षांची वाट न बघता लगेच उजळणी. तुमचा हेल्पर 'होता होता वाचला' यातच येतो. बाहेरचा शिकवणारा हवाच असेल तर गाडी ज्या डीलरकडून घेतली त्याला विचारा. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेकडे आणि बेलापूरच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेकडेही चौकशी करा, दोन्ही तुम्हाला लांब नाहीत. अट एकच घाला: वर्ग तुमच्या गोदामात होईल आणि तुमच्याच गाडीवर होईल.

आता उस्ताद. तुम्ही त्यांच्याशी कसं बोलता ते मला माहीत नाही, पण तुमच्या वयाच्या पोरानं चारचौघांत "काका, पट्टा लावा" म्हटलं की ते काय करणार हे मी इथं बसून सांगू शकतो. ते हसतील आणि गाडी सुरू करतील. त्यांना विद्यार्थ्यांच्या रांगेत बसवू नका, शिकवायला उभं करा. आदल्या दिवशी चहाला एकटे भेटा आणि म्हणा, "काका, नवा पोरगा शिकायचं म्हणतोय. मी तुमच्याशिवाय कुणाच्या हाताखाली देणार नाही. पण तो तुम्ही करता ते सगळं करेल, पट्टा न लावण्यासकट. त्याच्या आईला मी काय सांगू?" एवढंच बोला आणि गप्प बसा. पुढचं ते स्वतःशी बोलतील.

त्यांचा हात चांगला आहे, तर तो सगळ्यांना दिसू द्या. एक जुना खेळ आहे. रिकाम्या पॅलेटवर काठोकाठ भरलेली बादली ठेवायची. काटे जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर वर, मास्ट थोडा मागं झुकलेला. एक वळण, एक थांबा, पॅलेट खाली ठेवणं, परत उचलणं. शेवटी बादलीत किती पाणी उरलं ते बोटांनी मोजायचं. पहिल्या फेरीला उस्ताद जिंकतील. मग तोच खेळ काटे दीड-दोन मीटर वर ठेवून सरळ रेषेत, जेमतेम वीतभर सरकत, नुसतं ब्रेक सोडून-दाबून करायला सांगा. (वळायला अजिबात सांगू नका, आणि आसपास कुणी नको.) बादली काय करते ते तेच बघतील. सोळा वर्षांत त्यांनी लाखभर पॅलेट लावले असतील, पण त्यातल्या एकाही पॅलेटनं त्यांना पाणी सांडून दाखवलेलं नसतं. माल बांधलेला असतो, म्हणून धक्का दिसत नाही.

माल वर ठेवून वळण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गाडी कलंडून बरीच माणसं मरतात. फोर्कलिफ्टला चार चाकं दिसतात, पण ती उभी असते तिवईसारखी. पुढची दोन चाकं हे दोन पाय. तिसरा पाय म्हणजे मागच्या आसाचा मध्य, कारण तो आस मधोमध बसवलेला असतो आणि दोन्ही बाजूंना डुलतो. गाडीचं आणि मालाचं मिळून जे वजन आहे त्याचा मध्यबिंदू या त्रिकोणात राहिला तर गाडी उभी, बाहेर गेला की आडवी. घरातली तिवई घेऊन या, तिच्यावर भरलेला पाण्याचा डबा ठेवा आणि दोन पायांच्या मधल्या बाजूनं बोटानं ढकला. मग डब्यावर आणखी एक डबा रचून ढकला. सगळ्यांना ढकलू द्या. अडीच तासांच्या स्लाइड्सपेक्षा हे लक्षात राहतं.

यातून एक गोष्ट निघते, जी उस्तादांनाही कदाचित नवी वाटेल. रिकामी फोर्कलिफ्ट आडवी पडत नाही, असं सगळे धरून चालतात आणि रिकामी असली की पळवतात. उलट आहे. रिकामी असताना वजनाचा मध्य मागं सरकतो आणि मागं त्रिकोण निमुळता होत जातो. त्यामुळे बाजूला कलंडायला तिला जागा कमीच लागते. परतीच्या फेरीतला वेग हा तुमचा खरा शत्रू.

आणि किती वजन उचलायचं ते सांगणारी गाडीवरची प्लेट. तुमच्या तीनही गाड्यांवर ती आहे का ते आधी बघा. अनेकदा रंग मारताना तीही रंगवून टाकलेली असते. अडीच टनी गाडी म्हणजे वाटेल तो अडीच टन नव्हे. साधारण या आकाराच्या गाड्यांत तो आकडा मालाचा मध्य काट्यांच्या खांद्यापासून (काटा जिथं उभा वळतो तिथून) ५०० मिलिमीटरवर आहे असं धरून दिलेला असतो. समजा पुढच्या चाकाच्या मध्यापासून काट्यांच्या खांद्यापर्यंत ४५ सेंटिमीटर अंतर आहे. म्हणजे २५०० किलो चाकापासून ९५ सेंटिमीटरवर. आता तुम्ही १.६ मीटर लांबीची पेटी लांबीनं उचलली. तिचा मध्य ८० सेंटिमीटरवर गेला, चाकापासून १२५. त्याच तराजूनं हिशेब केला तर गाडी आता १९०० किलोच पेलेल. सहाशे किलो नुसत्या लांबीनं खाल्ले. हा समजण्यापुरता कच्चा हिशेब आहे. उंच उचलताना, किंवा काट्यांऐवजी दुसरं काही जोडलेलं असेल तर, प्लेट आणखी कमी सांगते आणि प्लेटचंच ऐकायचं. पण हा हिशेब एकदा फरशीवर खडूनं करून दाखवा. मागची चाकं उचलली गेली की स्टिअरिंग गेलं, हे ऑपरेटरला अनुभवानं माहीत असतं. ती का उचलली जातात, ते त्याला आकड्यात बघायला मिळालं की आवडतं.

मागची चाकं हलकी वाटली की दोन हेल्परना मागं उभं करायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती आज बंद करा. त्यावर जास्त लिहीत नाही.

उतार. डॉकला (ट्रक भरायच्या ओट्याला) रॅम्प असेलच. माल असेल तर माल नेहमी चढाच्या बाजूला: चढताना पुढं तोंड, उतरताना रिव्हर्स. रिकामी असेल तर उलट, काटे उताराच्या बाजूला. रॅम्पवर वळायचं नाही. पावसाळ्यात ट्रकच्या चाकांबरोबर आत येणारा चिखल आणि पाणी रॅम्पच्या तोंडाशी साचतं, तिथं एक माणूस पुसायला ठेवा.

इथं माझी एक गोष्ट सांगावी लागेल. नव्वदच्या दशकात मी पिंपरी-चिंचवड भागातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. ३१ मार्च, संध्याकाळी साडेसहा, शेवटचा ट्रक. रॅम्पबद्दल वर लिहिलं ते सगळं मी त्याच आठवड्यात ऑपरेटरना शिकवलं होतं, फळ्यावर चित्रं काढून. आणि त्या संध्याकाळी मीच ओरडलो, "एकच फेरी राहिलीय रे, दोन पॅलेट एकावर एक घे आणि सरळ उतर." त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. मी घड्याळाकडे बघत होतो. तो सरळ उतरला आणि रॅम्पच्या मध्यावर वरचं पॅलेट घसरून पुढं पडलं. जिथं पडलं तिथं माल मोजणारा हेल्पर उभा असायचा. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून तो दाराशी बसून सुतळीनं बांधत होता. मी त्या ऑपरेटरला काही बोलू शकलो नाही. सोमवारी शिकवलेलं मी शुक्रवारी साडेसहाला पुसून टाकलं होतं, आणि त्यानं माझं शेवटचं वाक्य पाळलं होतं.

म्हणून तुम्हाला विचारतो: संध्याकाळी ट्रकची रांग लागते तेव्हा तुमच्या तोंडून काय बाहेर पडतं? एक आठवडा स्वतःवर लक्ष ठेवा. उस्ताद पट्टा लावत नाहीत यात त्यांच्या हट्टाइतकाच भाग "चला, चला" म्हणणाऱ्याचाही असतो. शक्य असेल तर शेठकडून एक गोष्ट कबूल करून घ्या. ऑपरेटरनं "हा माल असा नाही उचलणार" म्हटलं, तर त्या शिफ्टला त्याला कुणी प्रश्न विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलायचं.

पट्ट्यामागचं कारण मात्र नीट सांगा. "नियम आहे" म्हणून कुणी उकाड्यात पट्टा लावत नाही. स्कूटर पडायला लागली की आपण पाय टाकून उडी मारतो, ते अंगात मुरलेलं असतं. फोर्कलिफ्ट कलंडताना उडी मारणारा माणूस ज्या बाजूला गाडी पडते त्याच बाजूला पडतो आणि डोक्यावरच्या लोखंडी छताची चौकट त्याच्यावर येते. आत बसून राहणारा वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून बसून चालवायच्या गाडीवर शिकवायचं ते असं: स्टिअरिंग घट्ट धरा, पाय दाबून रोवा, गाडी पडतेय त्याच्या विरुद्ध बाजूला कला. इंजिन बंद ठेवून प्रत्येकाला सीटवर बसवा आणि अचानक ओरडा, "डावीकडे!" पहिल्यांदा सगळे चुकतात. पाचव्या वेळेला अंग बरोबर वळतं. खूप हसाहशी होते, होऊ द्या.

त्या बावीस वर्षांच्या पोराला जरूर शिकवा. चोरून शिकतोय तो शिकणारच आहे. पण पहिले आठ दिवस किल्ली नाही. सकाळी उस्तादांबरोबर गाडीची तपासणी: टायर, काट्यांना चीर, साखळी, तेलाची गळती, ब्रेक, हॉर्न. बॅटरीच्या गाडीचं चार्जिंग कुठं होतं आणि तिथं विडी का चालत नाही. लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, ठिणगी पुरते. दार बंद करून डिझेलची गाडी का चालवायची नाही. मग रविवारी रिकाम्या गोदामात, रिकाम्या पॅलेटवर. मग पोती. ट्रकमध्ये शिरणं सगळ्यात शेवटी.

आणि एक वर्ग असा घ्या ज्यात गाडी चालवणारे कमी आणि पायी चालणारे जास्त असतील. माथाडी टोळीला बोलवा. १९६९ च्या माथाडी कायद्यानं ते माथाडी मंडळाकडे नोंदलेले असतात, तुमच्या मस्टरवर नसतात, म्हणून ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नाव कधीच येत नाही. प्रत्यक्षात गाडीच्या सगळ्यात जवळ तेच वावरतात. मुकादमाला फोर्कलिफ्टच्या सीटवर बसवा, इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात. समोर काट्यांवर छातीएवढी खोकी रचा आणि टोळीतल्या चार जणांना आसपास कुठंही उभं राहायला सांगा. मग मुकादमाला विचारा, किती दिसतात? तो दोन सांगेल. खाली उतरून तो टोळीला जे सांगेल ते तुमच्या शंभर पाट्यांनी होणार नाही.

ट्रक ड्रायव्हरचंही तेच. माल भरताना ट्रक पुढं सरकला तर गाडी आणि माणूस मधल्या फटीत जातात. चाकांना ठोकळे लावा, आणि ट्रकची किल्ली डॉकवरच्या खिळ्याला.

शेठसाठी नवं काही शोधू नका. पुढचा महिनाभर एका वहीत तुमच्याच गोदामातलं लिहून ठेवा: फुटलेली पॅलेटं, वाकलेले रॅकचे खांब, फाटलेली पोती, तारीख आणि किंमत. वाकलेल्या खांबाचा फोटो काढा, त्याच्यावर किती टन माल उभा आहे ते खाली लिहा. महिन्याच्या शेवटी वही त्यांच्यापुढे ठेवा, ट्रेनिंगचा खर्च त्यांना स्वतःच काढू द्या. त्या वहीत हेल्परच्या बुटाची नोंद पहिल्या पानावर असू द्या.

वर्ग, रंग, वही यांना वेळ लागेल. किल्ल्यांचं आजच करा. तीनही गाड्यांच्या किल्ल्या जेवणाच्या सुट्टीत गाडीतच असतात, म्हणून तर तो पोरगा चालवू शकतो. पाच ऑपरेटरांची नावं असलेली एक पाटी तुमच्या केबिनमध्ये लावा, तीन खिळे ठोका. गाडीवरून उतरताना काटे जमिनीला, हँडब्रेक, आणि किल्ली खिळ्याला. पहिली किल्ली उस्तादांच्या हातून लावून घ्या.